अकरावा घाणा

दोन मेंढ्या मेल्याची बातमी पशुवैद्याने आणली, तेव्हा आप्पा एका अहवालातले स्वल्पविराम तपासत होते. पशुवैद्य उंबऱ्यापाशीच थांबला. त्याच्या रबरी बुटांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलेले आप्पांना खपत नसे, आणि हे त्याला बारा वर्षांत निदान बारा वेळा ऐकवले गेले होते.

"सर, तुमच्या चकत्या बसवलेल्या सहांपैकी दोन गेल्या."

"कोणत्या घाण्यातल्या चकत्या होत्या?"

"दोन्ही अकराव्या घाण्यातल्या. दहाव्या घाण्यातल्या चार इतक्या ठणठणीत आहेत की आत्ता माझा डबा खाऊन बसल्या. या दोघींना सकाळी चकती बसवली आणि दुपारच्या आत आटोपलं. हृदयच थांबलं. महिनाभर पुरायचं औषध एका दमात प्यायल्या म्हणा ना."

"प्यायल्या नाहीत. त्यांच्या रक्तात शोषलं गेलं."

पशुवैद्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "बरं, शोषलं गेलं," तो म्हणाला. "मेल्या मात्र मेल्याच." आणि तो निघून गेला.

आप्पांनी राहिलेला परिच्छेद तपासून पुरा केला. दोन जनावरे आपल्या हातच्या वस्तूने मेली, याचे वाईट वाटायला हवे हे त्यांना ठाऊक होते. पाणी शंभर अंशांना उकळते हे जसे ठाऊक असते, तसे. परंतु ठाऊक असणे आणि वाटणे यांच्यामधला दुवा गेल्या दोन महिन्यांत कुठेतरी निखळला होता. बायको गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूस आले नाही. नातलगांनी पहिल्या आठवड्यात त्यांना खंबीर म्हटले, महिन्याभराने दगड म्हटले, आणि मग म्हणायचे सोडून दिले. चौथ्या दिवशी ते कामावर रुजू झाले होते. लोकांनी घरी जा म्हटले, तेव्हा "घरी काय आहे?" एवढाच प्रश्न त्यांनी विचारला, आणि तोही खरोखर उत्तर हवे असल्यासारखा.

काम काय होते, ते सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. नसांना बधिर करणारे एक औषध होते. रसायनशास्त्राच्या हिशेबी ते अमाईन. म्हणजे त्याच्या अंगी नत्राचा एक असा हात, की समोर आल्डिहाइड आले की तो ते धरल्याशिवाय राहत नाही. आप्पा वापरत ते आल्डिहाइड दुतोंडी होते. त्याच्या एका तोंडाने जिलेटिनची लांबलचक साखळी पकडायची, दुसऱ्याने औषध पकडायचे, आणि अशा लक्षावधी गाठींचे जाळे विणून त्याची बोटाच्या पेराएवढी मऊ चकती पाडायची. पाय कापावा लागलेल्या रोग्याच्या जखमेत नसेशेजारी ती ठेवली, की शरीराच्या उबेत एकेक गाठ सुटत जाते आणि औषध महिनाभर थेंबाथेंबाने झिरपते. बांधलेले औषध हे औषध. सुटे राहिलेले औषध हे विष. सारी विद्या या एका वाक्यात होती.

एका वेळी केलेल्या चाळीस चकत्यांना प्रयोगशाळेत घाणा म्हणत. घाणा बांधायचे काम आप्पांचे. बांधून झाल्यावर चुकूनमाकून सुटे राहिलेले औषध निघून जावे म्हणून चकत्या शीतखोलीत गार पाण्याने धुवायच्या, हे काम सहायक संशोधिकेचे; आणि ही सहायक संशोधिका आप्पांची सून होती. ती त्यांच्या घरात सून होऊन आली त्याच्या आधीपासून त्याच मजल्यावर कामाला होती, त्यामुळे वशिल्याचा बोल कुणी लावू शकत नसे. घरी ती त्यांना आप्पा म्हणे आणि कामावर सर. तिची नेमणूक तीन वर्षांच्या कराराची होती, आणि तो करार या महिन्याअखेर संपत होता.

दोघांचा एक जुना वाद होता. नियमाप्रमाणे सात वेळा धुवायचे. आप्पांचे म्हणणे, दहा वेळा धुवावे. त्यांनी तशी लेखी सूचना तीनदा दिली होती. ती नियमावर बोट ठेवून सातच वेळा धूत असे.

म्हणून दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, संचालिकाबाईंनी त्यांना बोलावून मत विचारले, तेव्हा आप्पांना विचार करावा लागला नाही. सुटे औषध राहिले, याचा अर्थ धुणे कमी पडले.

"ती तुमची सून आहे," बाई म्हणाल्या.

"इथे ती सहायक संशोधिका आहे."

"असं म्हणता? मग लिहून द्या. मंगळवारी समिती बसतेय. तिला कायम करायचं की करार संपवायचा, ते त्याच बैठकीत ठरेल. तुमच्या निवृत्तीनंतरच्या मुदतवाढीचा कागदही त्याच दिवशी आहे, पण ती काय, औपचारिकता."

आप्पांनी दोन वाक्ये लिहिली. 'अकराव्या घाण्याचे धुणे अपुरे झाले. दहा वेळा धुण्याची सूचना मी पूर्वीच लेखी दिली होती.' वाक्ये एकदा वाचून पाहिली. त्यांत काढण्याजोगे किंवा घालण्याजोगे काही नव्हते. सही करून कागद पुढे सरकवताना त्यांना सुनेचा चेहरा आठवला, आणि आठवूनही काही झाले नाही.

रात्रीच्या जेवणाला तिघे बसले. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा होता; त्याच्या नखांतले वंगण कितीही घासले तरी जात नसे, आणि अडकलेल्या माणसांशी बारा मजल्यांवरून बोलायची सवय असल्याने तो घरातही जरा मोठ्यानेच बोले.

"आप्पा, तुम्ही लिहून दिलंत म्हणे."

"दिलं."

"हिचं नाव घालून?"

"नाव नाही घातलं. कामाचा उल्लेख केला."

"हां, म्हणजे चोर म्हणाला नाहीत, नुसतं घर दाखवलंत."

"तू गप्प बस रे," सून म्हणाली. तिने भाताचे भांडे आप्पांकडे सरकवले. "त्यांनी लिहिलं त्यात खोटं काय आहे? सूचना दिलीच होती. तीनदा. तिसऱ्या वेळी माझ्या उत्तरातली व्याकरणाची चूकसुद्धा सांगितली होती."

"मग तू दहा वेळा का नाही धुतलंस?" मुलाने विचारले.

"कारण सातव्या पाण्यात औषधाचा मागमूस नव्हता. पाणी निवळ आल्यावर आणखी तीनदा काय धुवायचं? नशीब?"

"सातव्या पाण्यात काही नव्हतं, तर सुटं औषध आलं कुठून?" आप्पांनी विचारले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. समीकरणाची एक बाजू जुळत नसली की ते असेच विचारत.

"ते मला कळलं असतं तर मी इथे बसून भात चिवडला नसता. पाणी ठेवलेलं आहे. बाटली तुमच्या कपाटात, किल्ली तुमच्या खिशात. मी मागितली तर म्हणतील, पुरावा बदलायला मागते. तुम्हीच बघा ना."

आप्पांनी मान हलवली. समोरची खुर्ची रिकामी होती. ती भिंतीला लावून ठेवावी असे कुणालाच अजून सुचले नव्हते, आणि जेवताना तिघेही तिला वळसा घालून बोलत.

शनिवारी सुट्टी होती. आप्पा सकाळी प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी कपाट उघडले. प्रत्येक घाण्याचे शेवटचे पाणी तीन महिने बाटलीत राखून ठेवायची पद्धत होती. खरे सांगायचे तर ते सुनेला सोडवायला आले नव्हते. आपले विधान पुराव्यावाचून उभे आहे, ही गोष्ट त्यांना दाढेत अडकलेल्या तुसासारखी सलत होती, एवढेच. ते अनुमान होते आणि त्याला त्यांनी विधानाचा पोशाख घालून समितीकडे धाडले होते. दुसऱ्या कुणी असे केले असते तर त्यांनी समासात तांबडी फुली मारली असती. या समासातल्या फुल्यांपायीच मजल्यावर त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत, हे त्यांना माहीत होते.

त्यांनी सातवे पाणी यंत्राला लावले. शून्य. पुन्हा लावले. शून्य. मग एका कोऱ्या नमुन्यात मुद्दाम चिमूटभर औषध घालून यंत्र धड आहे ना ते पाहिले. यंत्र धड होते. धुणे पुरेसे झाले होते. त्यांचे वाक्य खोटे होते.

मग त्यांनी नोंदवही काढली आणि अकराव्या घाण्याचे पान उघडले. अक्षर त्यांचेच, सुबक, एकही खाडाखोड नसलेले. तारीख बायको गेल्याच्या पाचव्या दिवसाची. पान वाचताना त्यांना हे आपण केव्हा लिहिले, ते आठवेना. तो दिवसच आठवेना.

तिसऱ्या ओळीवर ते थांबले. 'बफर, आठ.' एवढेच. बफर म्हणजे मिश्रणाची आम्लता एका जागी धरून ठेवणारे द्रावण. आठ ही त्याची पातळी. पण कोणते बफर? मागच्या दहाही पानांवर 'फॉस्फेट बफर' असे शब्द होते. इथे बफरचे नावच नव्हते. खाली आणखी एक ओळ होती: 'गोठण्यास पन्नास मिनिटे. कारण: खोली गार, अठरा अंश.' मागचे सगळे घाणे वीस मिनिटांत गोठले होते.

शेजारच्या फळीवर दोन बाटल्या होत्या. एक फॉस्फेटची. दुसरी त्यांच्या जुन्या कामाची. तीस वर्षे त्यांनी विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम केले होते आणि तीस वर्षे त्यांचा हात त्याच बाटलीकडे गेला होता. दोन्हींची पातळी आठच. फरक एकच, पण मुळावर येणारा: दुसऱ्या बाटलीतले बफर स्वतःच अमाईन होते. आल्डिहाइडला औषध आणि ते बफर यांत भेद कळत नाही. ज्याची गर्दी जास्त, त्याचा हात आधी हाती लागतो.

अनुमान पुन्हा अनुमानच होते. म्हणून रविवारी त्यांनी करून पाहिले. खोलीचा गारवा त्या पानावर लिहिला होता तितकाच ठेवला आणि दोन पात्रांत एकाच वेळी चकत्या बांधायला घेतल्या. एकात फॉस्फेट, दुसऱ्यात ती जुन्या कामाची बाटली. पहिले पात्र चोवीस मिनिटांत गोठले. दुसऱ्याला एक्कावन्न मिनिटे लागली, आणि त्यातली चकती काचेसारखी स्वच्छ आली नाही. न बांधले गेलेले औषध बारीक कणांनी तिच्या पोटात बसून राहिले होते. गार पाण्याने त्यांनी ती सात वेळा धुतली. पाणी निवळच; गार पाण्यात हे कण विरघळतच नव्हते. मग कोमट, शरीराइतक्या उबेच्या पाण्यात ठेवली. तासाभरात सगळे औषध पाण्यात उतरले.

तेवढ्यात सून डबा घेऊन आली. आप्पांचा फोन बंद होता आणि जेवणाची वेळ टळून गेली होती. तिने पात्रे पाहिली, घड्याळाखालची नोंद वाचली, बाटल्या पाहिल्या. विचारायचे काही उरलेच नाही.

"ही उरलेली, तुम्ही अजून उबेत न घातलेली... अकराव्याच्या अशाच होत्या," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

"धुवायला घेतल्या तेव्हा. 'सर, या जरा धुरकट दिसतायत.' तुम्ही म्हणालात, जरा म्हणजे किती? मोजता येत नसेल तर लिहू नको. म्हणून नाही लिहिलं."

"मी असं म्हणालो?"

"तुम्ही रोजच असं म्हणता, आप्पा. त्यात नवल काय?"

आप्पांनी आठवायचा प्रयत्न केला. वाक्य निःसंशय त्यांच्याच घडणीचे होते. पण ते बोलल्याची, तिने विचारल्याची, त्या दिवशी ती खोलीत असल्याचीसुद्धा खूण त्यांच्यापाशी नव्हती. जणू पाच-सहा दिवसांची पाने कुणी शिवण न उसवता अलगद काढून घेतली होती.

"आता काय करणार?" तिने विचारले.

"लिहिणार."

"मुदतवाढ जाईल."

"जाईल."

तिने हातमोजे काढले. "तीन दिवस तुम्ही माझ्यासमोर बसून जेवलात," ती शांतपणे म्हणाली, "आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होतात की मी कुणीतरी चुकीची चाचणी आहे. मला वाटायला लागलं होतं, खरंच मीच मारल्या त्या मेंढ्या. हे तुम्ही कुठे लिहिणार?"

ती डबा टेबलावर ठेवून निघून गेली.

मंगळवारी समितीत पाच जण होते. आप्पांनी चार पानांचे निवेदन वाचून दाखवले. आधीचे मत चुकीचे होते, धुणे नियमानुसार पुरेसे होते, बफरचे नाव त्यांनी लिहिले नव्हते, बाटली त्यांनी चुकीची उचलली होती, आणि गोठायला लागलेल्या जास्त वेळाला त्यांनी न तपासता गारव्याचे कारण चिकटवले होते. बाहेरून आलेल्या एका सदस्याने मध्येच विचारले, "घरच्या माणसाला वाचवायला तर हे नाही ना?" आप्पांनी त्याला दोन पात्रांच्या मोजण्या, वेळा आणि उरलेली चकती दिली, आणि म्हणाले, "आपण स्वतः करून पाहा. एक्कावन्न मिनिटे लागतात."

सून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. संचालिकाबाई तिच्याकडे वळल्या.

"म्हणजे चूक सरांची, हे मान्य. पण या निवेदनात असंही आहे, की अशी चकती नुसत्या डोळ्यांना धुरकट दिसते. चाळीस चकत्या तुझ्या हातातून गेल्या. तुला दिसलं नाही?"

सुनेने मांडीवरची वही मिटली.

"दिसलं असेल तर लिहिलं का नाहीस? आणि दिसलंच नसेल, तर अशा सहायिकेला कायम कसं करायचं, हा प्रश्न मी विचारायचा की नाही?"

ती बोलली नाही. तिने आप्पांकडे पाहिलेही नाही. ती नोटीस वाचावी तशी समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

निवेदनात तेवढी एकच गोष्ट नव्हती. आप्पांनी ती रविवारी आणि सोमवारी दोन्ही दिवस लिहायला घेतली होती आणि दोन्ही वेळा सोडली होती. तिची नोंद नव्हती, साक्षीदार नव्हता, आणि स्वतः त्यांना ती आठवत नव्हती. चाळीस वर्षांत ज्या गोष्टीला आधार नाही असे एकही वाक्य त्यांनी कुणापुढे ठेवले नव्हते. एकदाच ठेवले, गुरुवारी, आणि त्याचे फळ समोरच्या खुर्चीवर बसले होते.

"तिला दिसलं होतं," आप्पा म्हणाले. "तिने मला तोंडी सांगितलं. मीच लिहू नको म्हणालो."

"हे निवेदनात नाही."

"नाही."

"तुम्हाला ते संभाषण आठवतं?"

"नाही."

बाईंनी चष्मा काढला. "मग कशावरून सांगताय?"

"ती म्हणते म्हणून."

"सर, या टेबलावर तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागत आलात."

"मागत आलो."

"आणि आज?"

"आज माझ्यापाशी तो नाही. तरीही हे नोंदवून घ्यावं."

कुणीतरी लेखणी खाली ठेवली. बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि सर्वांना बाहेर जायला सांगितले.

अर्ध्या तासाने निर्णय कळला. सुनेला कायम करण्यात आले. दिसलेली प्रत्येक गोष्ट, मोजता येवो न येवो, लिहिलीच पाहिजे अशी ताकीद मात्र सोबत होती. आप्पांना मुदतवाढ नव्हती. महिनाअखेर किल्ल्या जमा करायच्या होत्या. पशुवैद्य कॉरिडॉरमध्ये भेटला, त्याने आप्पांचा हात हातात घेतला, आणि आज आपण रबरी बुटांनिशी मजल्याच्या आत आलो आहोत हे लक्षात येऊन ओशाळला.

सून जिन्याच्या पायऱ्यांवर थांबली होती. दोघे खाली उतरू लागले.

"आठवलं का तुम्हाला?" तिने विचारले.

"नाही."

"आत सांगितलंत तेव्हा वाटलं, आठवलं असेल."

"त्या आठवड्यातलं मला काहीच आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं, मी कुणाशी काय बोललो. तुझ्या सासूला नेलं तेव्हा माझ्या पायांत जोडे कोणते होते, तेसुद्धा नाही."

ती दोन पायऱ्या उतरली.

"काळे," मग ती म्हणाली. "उजवा तुमचा होता. डावा तुमच्या मुलाचा."

आप्पा थांबले. "दिवसभर?"

"दिवसभर. आमच्या लक्षात आलं होतं. पण तुम्हाला कसं सांगणार?"

"त्याचा पाय लहान आहे. एका मापाने."

"हो."

"चावला असणार मग."

"टाच सोलून निघाली होती," सून म्हणाली. "मोज्याला रक्त होतं, मी धुतला. तुम्ही काही म्हणाला नाहीत."

आप्पांनी कठड्याला हात लावला आणि आपल्या पायांकडे पाहिले. मग ते खाली उतरू लागले, आणि ती त्यांच्या चालीने, एक पायरी मागे, उतरत राहिली.